न दिलेला ताव

मारून मारून पितळ ताठरतं. दिसायला सुरेख, वाजायला खणखणीत, पण प्रत्येक घाव ते पोटात धरून बसतं. म्हणून आम्ही तांबट त्याला मधूनमधून भट्टीत तापवून नरम करतो. ठोकून चकचकीत झाल्यावर आणखी एक हलका ताव द्यायचा, ही आमच्या घरची रीत. तो चुकला तर भांडं एखाद्या पावसाळ्यात, गोठ्याच्या दमट हवेत, कुणी हात न लावता उलतं.

माझे वडील गोपीनाथ यांनी तो ताव जन्मात चुकवला नाही. माजिवड्याच्या परशुराम पाटलाच्या गड्यांनी वडिलांनी घडवलेल्या घागरीचा पोचा दगडाने ठोकून काढला आणि ती गोठ्यात ठेवली. दगडाचे वण मी स्वतः पाहिले. पावसात घागर चिरली, तेव्हा पाटील भर कल्याणच्या बाजारात ओरडला, "गोपीनाथ भेसळ करतो!" गिऱ्हाईक तुटलं. वडिलांनी हातोडा ठेवला तो ठेवलाच, आणि वर्षाच्या आत गेले. पाटलाला मी त्याच दिवशी मनात गाडला होता.

दहा वर्षांनी तो माझ्या मामांच्या दुकानात आला. मी तिथेच कामाला होतो, पण त्याने मला ओळखलं नाही. त्याची लेक सगुणा खडवलीला द्यायची होती, रुखवतात मांडायला हंडा हवा होता. मी हसत हो म्हणालो. चोख पितळ घेतलं, मनातल्या मनात त्याचं नाव घेत घाव घातले, आणि मामा जेवायला गेले तेव्हा ताव न देताच हंडा पुसून ठेवला. पाटलाने टिचकी मारून पाहिली.

"काय वाजतो रं!" तो खूश होऊन म्हणाला.

श्रावणात हंडा व्याह्यांच्या गोठ्यात उलला. व्याह्यांनी पाटलाची अब्रू काढली. उललेला हंडा घेऊन तो थेट दुकानात आला आणि अर्धा बाजार गोळा झाला. ह्याच घटकेसाठी मी दहा वर्षं काढली होती.

"मी गोपीनाथ तांबटाचा नाथा," मी म्हणालो. "चारचौघांत नाक कापलं की कसं वाटतं, कळलं ना आता?"

पाटलाने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तरीच! बापासारकीच भेसळ."

माझं डोकं फिरलं. "खबरदार! धातू चोख आहे, वितळवून बघा. शेवटचा ताव मी मुद्दाम दिला नाही!"

मामांनी हातातला हातोडा खाली ठेवला. पाटील लोकांकडे वळला.

"आयकलंत? पितळ चोख व्हतं. म्हंजे बापानंबी मुद्दामच केलं व्हतं."

मी दगडाचं सांगितलं, गड्यांचं सांगितलं, अगदी घसा फुटेस्तोवर सांगितलं. लोक पांगले. वडिलांना दहा वर्षं बाजार भेसळ्या म्हणत होता. आता दगाबाज म्हणतो, आणि हे नाव त्यांना मी मिळवून दिलं.