घरातल्या घरात सोयरीक

मालू माझी सून, आणि माझ्या भावाची, बुधाजीची लेक. ही सोयरीक मीच जुळवली. परक्या पोरीचे नखरे कोण झेलणार? घरची पोर घरातच बरी.

आमी पनवेलच्या खाडीवरची मिठागरवाली माणसं. सत्तावन्न साली मालूची दोन पोरं गोवरानं गेली. शेजारच्या हसनमियाँची तिन्ही पोरं त्याच गोवरातून उठून आठ दिवसांत बांधावर उंडारत होती. झालं, बायकांची तोंडं सुटली. मालूचा पायच पांढरा म्हणे. मी कुणाला गप्प केलं नाय. उलट बुधाजीकडं गेले आणि म्हटलं, "माझ्या लेकाला, महादेवला, तुझी धाकटी भामा दे. मालू राहील कोपऱ्यात." हे मालूच्या कानावर गेलं. तरी गुणाची पोर माझं ताट वाढत राहिली.

पुढच्या साली गल्लीत पुन्हा गोवर आला. मालूची तिसरी, सत्यवती, दीड वर्षाची. गोवर म्हणजे देवीच, ती दारात असताना सुई टोचायची नाय, ही आमची रीत. मीच ती सगळ्यांना ऐकवायचे. पण सत्यवती माझा पदर ओढून हसली. मेली ती रीत. पोरीला काखोटीला मारलं, मालूला म्हटलं, "चल मुकाट्यानं," आणि पनवेलच्या डॉक्टरांकडं गेले.

त्यांनी गेलेल्या दोन पोरांचं सगळं विचारून घेतलं. नवरा-बायको नात्यातले का? मी ऐटीत सांगितलं, "सख्खी आते-मामेभावंडं."

डॉक्टरांनी हातातला कागद बाजूला ठेवला. मग म्हणाले, "एखाद्या घराण्याच्या रक्तातच अशा आजाराशी झुंजायची ताकद कमी असावी. आईकडून उणं आलं तर बापाकडचं सांभाळून घेतं. इथं दोन्हीकडं एकच घराणं. नक्की मात्र अजून कुणालाच ठाऊक नाही."

"मग मालूचा पाय?"

"पायाचा काय संबंध, बाई?"

मला लहानपणी गोवर येऊन गेलेला. त्यांनी माझ्या दंडातून रक्त ओढलं आणि तिथल्या तिथं पोरीच्या मांडीत टोचलं. गोवराशी लढलेलं रक्त हाय, जोर कमी होईल, पण खात्री नाय म्हणाले.

बारा दिवसांनी सत्यवतीला गोवर निघालाच. चार दिवस मी आणि मालू तिच्या उशापासून हललो नाय. पाचव्या दिवशी ताप उतरला आणि पोरीनं खायला मागितलं.

त्याच दुपारी बुधाजी भामाच्या लग्नाची तारीख काढायला आला. ओटीवर चार बायका जमलेल्या. मी सगळ्यांसमोर सांगितलं, "भामा या घरात यायची नाय. तिला लांब दे, नातं नसलेल्या घरात दे. चूक माझी हाय. मालूच्या पायाबद्दल कुणी बोललं तर गाठ माझ्याशी हाय."

सगळे गेल्यावर मालू माझ्याजवळ येऊन बसली.

"आत्या, त्या दोघांना का नाय नेलं डॉक्टरकडं?"

मी रडले. तीही रडली, आणि मग दमलेली माझी पोर माझ्याच मांडीवर डोकं टेकून झोपली.