चुन्याला पाणी

किल्ला म्हणजे माझ्या आईची सवत. हे मी म्हणत नाही, तीच म्हणायची, आणि तेही चारचौघांत, बाप समोर बसलेला असताना. तो नुसता हसायचा, सॉसेज लावलेला पाव कागदात गुंडाळायचा आणि टेकडी चढायला लागायचा. शनिवार म्हणजे किल्ला. त्यात बदल नाही.

माझा बाप ओटमार, आमच्या राउटेनबाखचा पोस्टमन. आठवडाभर लोकांची पत्रं वाटायची आणि शनिवारी वर होहेनराउट किल्ल्याच्या भिंती सावरायच्या. तो तरुण होता तेव्हा किल्ल्याची दक्षिणेकडची उंच भिंत ढासळायला लागली होती आणि सरकार तिकडे ढुंकूनही बघत नव्हतं. मग ह्यानेच गावातले चार जण गोळा केले, मंडळ काढलं आणि वर्षानुवर्षं त्या लाल दगडांच्या फटींत सिमेंट भरलं. चांगलं, घट्ट, एक नंबरचं सिमेंट. ‘आता माझ्या पणतवंडांनाही बघायला नको,’ म्हणायचा. नातवंडांचाच पत्ता नव्हता, पण पणतवंडांची सोय झाली!

माझ्या पहिल्या कम्युनियनला, म्हणजे चर्चमधल्या माझ्या सगळ्यात मोठ्या दिवशी, रविवार असूनही, हा सकाळी वर जाऊन आला आणि चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसला. नखांत सिमेंट. आई शहरातल्या इस्पितळात वारली तो तर शनिवारच होता. निरोप घेऊन माणूस टेकडी चढला, हा उतरून शहरात पोचला, तोवर तिचे डोळे मिटवून झाले होते. मी त्याला ते कधी बोलून दाखवलं नाही. विसरलेही नाही.

मी त्याची एकुलती एक, रोझविथा. त्याचे गुडघे गेले तेव्हा मी परत त्याच्या घरी राहायला आले. म्हाताऱ्याला एकटं कसं सोडणार?

गेल्या वर्षी फेब्रुवारीत फोल्कमार मागच्या दारानं आला. फोल्कमार आमचा बेकरीवाला आणि हल्ली मंडळाचा अध्यक्ष. टोपी हातात, तोंड पडलेलं.

‘रोझी, वाईट बातमी आहे.’

‘कोण गेलं?’

‘भिंत. अर्धीअधिक फुगलीय. काल रात्रीच्या थंडीत एक तुकडा खालीही आला.’

पुरातत्त्व खात्याच्या थीलेबाई येऊन पाहून गेल्या होत्या. दगड मऊ, तो पाणी पितो आणि पुन्हा सोडतो. जुन्या चुन्यातून ते पाणी निघून जायचं. सिमेंटमधून जात नाही. आतच अडकतं, गोठतं आणि दगडाला फोडतं.

‘जिथे जिथे सिमेंट, तिथे तिथे दगडाचा भुगा झालाय,’ फोल्कमार म्हणाला. ‘सगळं खरवडून काढायचंय. बाई म्हणाल्या, काहीच केलं नसतं तरी एवढी वाट लागली नसती.’

मी आधी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. आतल्या खोलीत बाप रेडिओ ऐकत होता.

‘हे पप्पाच्या कानावर जाता कामा नये.’

‘अगं, पण परांची बांधणार, गाव बोलणार...’

‘गावाला तू सांभाळ. रोज सकाळी तुझ्याच दुकानात येतात ना सगळे? सांग त्यांना, जो बोलेल त्याची गाठ माझ्याशी आहे.’

‘तू तर त्या भिंतीला जन्मभर शिव्या घातल्यास.’

‘घातल्या. मी घालेन. बाकीच्यांनी घालायच्या नाहीत.’

गाव गप्प बसलं. माझ्या जिभेला सगळे वचकून असतात, आणि खरं सांगायचं तर त्यांचाही ओटमारवर जीव होता. मला एवढंच हवं होतं की त्यानं जाताना समाधानानं जावं. त्या भिंतीपायी आम्हाला त्यानं वाऱ्यावर सोडलं होतं. ती भिंतसुद्धा त्यानं स्वतःच्याच हातानं मारली, हे त्याला कळलं असतं तर त्याच्याजवळ उरलं काय असतं?

उन्हाळाभर मी थापा मारल्या. रस्ता बंद आहे. वर गांधीलमाशा झाल्यात. खिडकीतून परांची दिसायला लागली तेव्हा म्हणाला, ‘काय चाललंय तिकडे?’

‘कबुतरांसाठी जाळी लावतायत.’

‘एवढी मोठी परांची? कबुतरं काय डुकराएवढी झाली?’

मी भांडी घासायला घेतली.

सप्टेंबरातल्या एका रविवारी सगळीकडचे किल्ले लोकांना खुले असतात, त्या दिवशी मात्र माझी मात्रा चालेना. सकाळी बघते तर हा मंडळाचं हिरवं जाकीट घालून, काठी घेऊन, गाडीत जाऊन बसलेला. ‘चालव,’ म्हणाला. ‘नाहीतर मी चालत जातो, आणि वाटेत पडलो तर तुझ्या नावानं.’

वर जत्राच होती. बायका आलुबुखारचा केक कापत होत्या, पोरं बुरुजावर पळत होती, शहरातून आलेली मंडळी ‘संडास कुठाय’ विचारत होती. दक्षिण भिंतीपाशी थीलेबाई घोळक्याला समजावत होत्या. बापाला मी केककडे वळवत होते, पण तो सरळ तिकडेच गेला. कान मेले शाबूत. पाणी, थंडी, दगड, सिमेंट, सगळं त्यानं उभ्यानं ऐकलं.

भडक निळ्या जाकिटातला एक पाहुणा हसत म्हणाला, ‘पण असला उद्योग केला कुठल्या गाढवानं?’

आमच्या गावातलं एकही माणूस हललं नाही. केक कापणारी बाई सुरी धरून तशीच उभी राहिली. मी त्या माणसाच्या अंगावर जाणारच होते, तेवढ्यात बापानं शाळेतल्या मुलासारखा हात वर केला.

‘मी,’ तो म्हणाला. ‘ते गाढव मी.’

पाहुणा लालेलाल झाला, माफी मागायला लागला. बापाचं तिकडे लक्षच नव्हतं. तो भिंतीपाशी गेला आणि एका दगडावरून त्यानं अंगठा फिरवला. दगडाची लाल वाळू त्याच्या बुटांवर सांडली. सिमेंट मात्र टणक, जसं भरलं होतं तसंच्या तसं.

‘सगळंच काढायचं?’ त्यानं विचारलं.

‘सगळं,’ थीलेबाई हळूच म्हणाल्या. ‘तेव्हा सगळीकडे असंच करायचे हो. कुणालाच ठाऊक नव्हतं.’

‘मला तर नव्हतंच,’ बाप म्हणाला.

केक त्यानं खाल्ला नाही. परत येताना गाडीत बसल्या बसल्या म्हणाला,

‘तुला माहीत होतं.’

‘हो.’

‘कबुतरं म्हणे.’ मग म्हणाला, ‘वाल्बुर्गा म्हणायची, शनिवारचा घरी बस. तिचं ऐकलं असतं तर दोन्ही राहिलं असतं. तीही, भिंतही.’

वाल्बुर्गा म्हणजे माझी आई. हे वाक्य त्याच्या तोंडून ऐकायला मी उभा जन्म वाट पाहिली होती. ऐकल्यावर काय काय सुनावायचं तेही ठरवून ठेवलं होतं. आणि ऐकलं तेव्हा माझ्यानं गाडी चालवेना. कडेला थांबवली आणि हमसून हमसून रडले. त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

पुढच्या शनिवारी तो तळघरातून हातोडी-छिन्नी घेऊन वर आला.

‘आता हे काय?’

‘मी भरलंय, मीच काढणार.’

‘तुला धड उभं राहता येत नाही!’

‘बसून काढतो. खालच्या रांगा कोण काढणार?’

फोल्कमारनं त्याला स्टूल दिलं. थीलेबाईंनी छिन्नी कशी धरायची ते दाखवलं, दगडाला धक्का लागू नये म्हणून, आणि ह्यानं निमूट शिकून घेतलं. सिमेंट त्याचं होतं, चिवट. तासाभरात वितीएवढी फट मोकळी व्हायची. मी पहिल्या दिवशी गाडीत बसून धुसफुसले. दुसऱ्या शनिवारी थंडीनं कुडकुडले म्हणून बाहेर आले आणि म्हटलं, ‘आण इकडे ती दुसरी छिन्नी.’ लहानपणी एकदाही मी त्याच्याबरोबर वर गेले नव्हते, हट्टानं. आता शेजारी शेजारी बसून आम्ही सिमेंट फोडत होतो आणि तो आईबद्दल बोलत होता. ती नाचायची कशी. तिला किल्ल्यावरून खालचं गाव बघायला आवडायचं, लग्नाआधी. हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

बर्फ पडेपर्यंत आम्ही गेलो. जानेवारीत तो झोपेत गेला. त्यानं मोकळी केलेली भिंत आपल्या जेवणाच्या टेबलाएवढी भरेल, जास्त नाही.

वसंतात मंडळानं तिथे चुना भरला. चुन्याचं काम सिमेंटसारखं नाही, त्याला घाई चालत नाही. त्याच्यावर ओलं गोणपाट टाकायचं आणि सुकू द्यायचं नाही, नाहीतर तडे जातात. ‘पाणी घालायला कोण येईल?’ असं फोल्कमारनं बैठकीत विचारलं, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बघा म्हणजे!

तर आता रोज संध्याकाळी मी झारी घेऊन निघते. वाटेत आधी दफनभूमी लागते. आमच्या गावात रीत अशी की पाण्याचा मान पहिला आपल्या माणसांचा, कबरीवरची फुलं सुकली तर लोक नावं ठेवतात. फाटकापाशी बायका उभ्या असतात, त्यांच्यादेखत मी तशीच पुढे जाते, टेकडी चढते, गोणपाट भिजवते, चुन्याला बोट लावून बघते. मग खाली उतरते. तोवर बायका घरी गेलेल्या असतात.

एकाच दगडाखाली दोघं आहेत, ओटमार आणि वाल्बुर्गा. आई काय म्हणत असणार ते मला ठाऊक आहे. ‘शेवटी तूही बापाच्याच वळणावर गेलीस. आधी ती सवत, मग आम्ही.’

‘हो गं आई,’ मी म्हणते, आणि दोघांना पाणी घालते.