अण्णांचा कान

दंतवैद्याची गाडी परत आली तेव्हा गॅरेजात कुणी तोंड उघडलं नाही. अण्णांनी ट्यून केलेली गाडी परत येते म्हणजे काय चेष्टा आहे? आजवर असं कधी झालं नव्हतं.

"बाकी सगळं झकास आहे हो," दंतवैद्य अवघडून म्हणाला. "फक्त इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा चार हजारावर गेला की गाडी दम सोडते. जरा पुढे गेला की पुन्हा पळते. रविवारी शर्यत आहे माझी."

"तुम्ही पेशंटला म्हणता ना, आ करा, बघू या? तसं बघू या," अण्णा म्हणाले आणि स्वतःच हसले. त्यांच्या लेकीला काही हसू आलं नाही.

इंजिनाची ताकद वाढवायची तर ठिणगी जरा जरा लवकर पाडत न्यायची. फारच लवकर पडली की इंजिन आतून बारीक खडखडतं, आणि तसंच रेटलं तर फुटतं. खडखड सुरू झाली की एक पाऊल मागे यायचं. हे काम बापलेक वाटून घेत. ती गाडीत काचा वर करून बसायची आणि लॅपटॉपवर ठिणगीची वेळ सरकवायची. अण्णा बॉनेटपाशी वाकून, स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ऐकायचे. त्यांनी हात वर केला की थांबायचं आणि मग आकडे बघायचे नाहीत, हा गॅरेजचा रिवाज. बघायचे तरी कशाला? त्या कानाच्या भरवशावर लोक डोळे मिटून गाड्या सोडून जात. बायको गेली, गुडघे गेले, नजर अधू झाली. अण्णांकडे कान तेवढा राहिला होता.

घोडं कुठे पेंड खातंय ते शोधता शोधता सकाळ गेली. प्लग बदलले, हवेचा पाइप साबणाच्या पाण्यानं तपासला, पेट्रोलचा पंप पाहिला. रोग रेड्याला नि औषध पखालीला! चार हजारावरचा खड्डा होता तिथेच होता.

अण्णा हात धुवायला गेले तेव्हा लेकीनं रिवाज मोडला आणि आकडे उघडले. चार हजारावर गाडीचा कॉम्प्युटर ठिणगी आपणहून मागे ओढत होता. इंजिनावरच्या सेन्सरला खडखड ऐकू येत होती, आणि इंजिन वाचवायला तो ताकद सोडून देत होता. सेन्सरच बिघडला असेल मेला, असं तिनं मनाला बजावलं.

"अण्णा, आज तुम्ही आत बसा. मी ऐकते," तिनं नळाकडे हाळी दिली.

"का गं, बढती हवीय वाटतं?" म्हणत ते बसले. गाडी रोलरवर चढवलेली होती, म्हणजे चाकं जागच्या जागीच फिरणार. त्यांनी काच खाली घेतली आणि अॅक्सिलरेटर दाबला.

स्क्रूड्रायव्हर टेकवायचीसुद्धा गरज पडली नाही. पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज, अगदी लख्ख. भिंतीशी उभा असलेला दंतवैद्यही दचकला. आणि अण्णा? अण्णांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं, डोळे मिटून घेतले, मान डोलावली.

"छान गातंय की गं!" ते ओरडले.

देवा रे! म्हणजे ही गाडी ट्यून केली त्या दिवशी अण्णांनी हात वर केला तो नुसत्या सवयीनं. आणि आपण शहाण्या, काचा वर करून आत बसलो होतो. तिला इतकं रडू आलं की तिनं बॉनेटच्या आड तोंड लपवलं.

अण्णांनी इंजिन बंद केलं आणि गुडघा सावरत उतरले. "काय सापडलं?"

"पेट्रोल भेसळीचं आहे, अण्णा. टाकी रिकामी करू."

ते तिच्याकडे बघत राहिले. मग शांतपणे म्हणाले, "लहानपणापासून तुझं असंच. खोटं बोलायची वेळ आली की आवाज बसतो. आत्ता तुझे ओठ हलले, पण मला एक अक्षर ऐकू आलं नाही. म्हणजे खोटंच असणार." त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "आता खरं सांग, पोरी. आणि जरा मोठ्यानं."

दंतवैद्य बाहेर निघून गेला. मग तिला ते ओरडून सांगावं लागलं. दोनदा.