नऊ मार्चवर अडलेलं दुकान

माझं डोस्कं लवकर तापते, आरमोरीत कोणालेही विचारा. पण त्या दिवशी तापायचं कोणावर, हेच मले समजून नाई राह्यलं होतं. माझ्या नेटच्या दुकानात बातम्या उघडत होत्या, क्रिकेटचा स्कोरही उघडत होता. फक्त नर्सिंगच्या यादीचं पान उघडत नव्हतं. पांढरा पडदा, आन वर इंग्रजीत एक ओळ, पान दाखवता येत नाई म्हणून.

बाकड्यावर बुधरीबाई आन तिची पोरगी मोनाली बसल्या होत्या. जंगलातल्या गावच्या. आधी पायी, मंग जीपनं आलेल्या. मोनाली बारावी पास झाली होती. यादीत नाव असन तर त्याच पानावर बटन दाबून ‘जागा पाह्यजे’ म्हणून कळवायचं होतं, आन तेही त्याच शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आत. नाई कळवलं तर जागा दुसऱ्याले. ही त्यांची तिसरी खेप. सोमवारी मी म्हटलं होतं, "सर्व्हर डाऊन हाय, बाई." बुधवारी म्हटलं, "लाइनवर लोड हाय." शुक्रवारी सांगाले माझ्यापाशी काईच उरलं नव्हतं.

दर खेपेले बुधरीबाई पळसाच्या पानात बांधून सात्या आणायची. श्रावणात वारुळावर निघतात त्या छत्र्या, वर्षातून एकदाच भेटतात. "भाऊ, तुमी आमच्यासाठी किती मेहनत करून राह्यले," म्हणायची आन पुडा कीबोर्डजवळ ठेवायची. माझ्या बायकोनं, सलीमानं, त्या दोनदा रांधल्या आन मी बोटं चाटून खाल्ल्या. मेहनतीच्या समजून खाल्ल्या.

जुम्म्याची नमाज पढून आलो तसा कामाले लागलो. मोडेम बंद करून चालू केला. वायर काढली, फुंकर मारली, परत लावली. कंप्युटर तीनदा बंद-चालू केला. पत्ता चुकला म्हणावं, तर मोनालीनं एक एक अक्षर वाचून दाखवलं. नागपूरले माझा मेव्हणा मुजफ्फर कंप्युटर दुरुस्त करते, त्याले फोन लावला. तो बसमधी होता. म्हणे व्हायरस असन. पाऊण तास व्हायरस शोधला, एक सापडला नाई. आरमोरीत दुसरं नेटचं दुकान नव्हतं. मोनालीनं विचारलं, ब्रह्मपुरीच्या दुकानात जाऊन पाहू का. कशी जाते? वैनगंगेच्या पुलावरून पाणी चाललं होतं. आन गडचिरोली गाठेपर्यंत सहा वाजून गेले असते.

साडेपाच होत आले. पोरगी माझ्या खांद्यामागं येऊन उभी राह्यली. माउस खालच्या कोपऱ्यात घड्याळावर थांबला होता.

"मुश्ताकभाऊ, इथी नऊ मार्च काऊन दिसते?"

"ते तसंच असते," मी खेकसलो. "तू पत्ता वाच."

"पण आज चोवीस ऑगस्ट हाय," ती हळूच म्हणाली.

आता हे नीट सांगतो. मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर मुजफ्फरनं मले तीस दिवसांच्या फुकट मुदतीवर टाकून दिलं होतं. ती मुदत संपूच द्यायची नाई, हा माझा शहाणपणा. दुकान उघडलं की झाडू मारायचा, लोबान लावायचा आन तारीख मागं करून नऊ मार्चवर आणायची. तहसीलचे अर्धे अर्ज मी त्याच्यावरच टाइप करत होतो. बाहेर आंबे आले, गेले, धानाची रोवणी झाली, पण माझ्या दुकानात साडेपाच महिने नऊ मार्चच होता.

मुजफ्फरले परत फोन लावला आन तारखेचं सांगतलं. तो म्हणे, "भाऊजी, अशा पानाले दाखला असते, सर्टिफिकेट. मशीन त्याच्यावरची तारीख पाह्यते. बाकीच्या पानांचे दाखले जुने, याचा असन जूनमधला, आन तुमचं मशीन मार्चमधी बसलं हाय. जो दाखला अजून निघालाच नाई, तो ते मानन कसा? खरी तारीख टाका. पण टायपिंग जाईन, ते कायमचं."

खोटं कशाले बोलू, माझा हात थांबला. ‘लाइनच गेली बाई’ म्हटलं असतं, तर त्यांनी ऐकलं असतं. दोनदा ऐकलंच होतं. बुधरीबाई पडद्याकडं नाई, माझ्या तोंडाकडं पाहून राह्यली होती. मले माझीच लाज वाटली. मी तारीख बदलली.

पान एका दमात उघडलं. एकेचाळीसावं नाव, मोनाली पत्रू उसेंडी. बटन तिनंच दाबलं. सहाले तेरा मिनिटं बाकी होती. कागद छापून तिच्या हाती दिला, तर ती तो उभ्याउभ्याच वाचत राह्यली, परत पहिल्यापासून.

"काय बिघडलं होतं, भाऊ?" बुधरीबाईनं विचारलं.

‘लाइन’ हा शब्द ओठावर आला होता. मोनालीनं कागदातून मान वर केली.

"काईच नव्हतं बिघडलं, बाई," मी म्हटलं. "माझ्या कामासाठी मीच तारीख मागं करून ठेवली होती. नाई तर सोमवारीच उघडलं असतं."

बुधरीबाई उठली, कीबोर्डजवळचा सात्यांचा पुडा उचलला आन आपल्या पिशवीत ठेवला.

"ह्या आज घरीच रांधतो," ती म्हणाली. "पोरगी जाऊन राह्यली. तिथी कुठी भेटतीन तिले?"

रागानं म्हणाली का मायेनं, मले अजून समजलं नाई. दोघी जीपकडं गेल्या.

घरी सलीमानं कांदा चिरून कढई चुलीवर ठेवलीच होती. "आज नाई आणल्या का त्या बाईनं सात्या?" तिनं विचारलं.

"आणल्या होत्या," मी म्हटलं, आन वरण-भात वाढाले सांगतला.