माझ्या पारड्यातली चिमणी

मी एक जुना वजनकाटा आहे, मित्रांनो. पण भाजीचा नव्हे, बाळांचा. एका लोहाराने माझा सांगाडा ठोकला, त्याच्या बायकोने पारड्यासाठी मऊ गादी शिवली आणि मी प्रसूतिगृहात रुजू झालो. तिथल्या सुईणीला सगळे मावशी म्हणत. बाळ कोणाचे, हे मी कधी विचारले नाही. त्याचा मला आजही अभिमान वाटतो.

एकदा एक मुलगी पारड्यात आली. माझी सुई जेमतेम हलली. "चिमणीच आहे गं," मावशी म्हणाल्या आणि तेच नाव पडले. तिच्या आईवडिलांना देशच नव्हता. जुन्या देशाने त्यांची नावे खोडली होती, इथे ती कोणी लिहिली नव्हती. त्यांच्याकडे कागद नाहीत म्हणून चिमणीच्या जन्माचीही नोंद झाली नाही.

चिमणी शिकली. तिला परिचारिका व्हायचे होते. पण इथे जन्मल्याच्या पुराव्याशिवाय प्रवेश मिळेना. मावशी नोंदणी कचेरीत साक्षीला गेल्या. मी तेव्हा अडगळीत धूळ खात पडलो होतो.

तिथले साहेब म्हणाले, "मावशी, नुसत्या शब्दाला वजन नसतं."

"मग काटाच आणते," म्हणत मावशी उठल्या आणि मला काखोटीला मारून परतल्या. सारी कचेरी हसली.

"आता हा बोलणार का?" साहेबांनी विचारले.

"हा कशाला? मला तोंड आहे की. बाळा, तूही याच पारड्यात रडलास. आठवतं का?"

"कसं आठवेल?"

"कुणालाच आठवत नाही. मोठ्यांनी सांगितलं म्हणून तू इथला. तुझ्या वेळी माझा शब्द खरा आणि हिच्या वेळी खोटा होय रे?"

साहेबांनी खुर्ची पुढे केली. "बसा मावशी. पहिल्यापासून सांगा." त्यांनी साक्ष लिहून घेतली.

निकाल यायला फार दिवस लागले, पण आला. चिमणी या देशाची झाली. आज ती त्याच प्रसूतिगृहात परिचारिका आहे. वजन करायला नवा विजेचा काटा आहे; मला मात्र ती स्वतः पुसते, तेल घालते. कोणी कागदांवरून अडवले, की म्हणते, "कागद मागाहून बघू. बाळ समोर रडतंय ना? आधी नोंद करा." तेव्हा माझी छाती फुगते.

मित्रांनो, लोखंडाचा गंज घासून काढता येतो. 'तू आमचा नाहीस' हा बोल मात्र मनातून सहज निघत नाही. म्हणून वर्गात नवे मूल आले, तर 'तू कुठला?' असे विचारण्याआधी बाकावर जरा सरकून बसा.