दिवा वेळेवर लागला पाहिजे

“थांब! तात्या, थांब!” ऊस तोडणारा हार्वेस्टर थांबवत ऋतिक ओरडला, भोंगाही दाबला. शेजारून ट्रॅक्टरनं ट्रॉली ओढत चाललेला माझा धाकटा भाऊ महिपती मात्र पुढंच गेला. तोडलेला ऊस ट्रॉलीऐवजी भसाभस जमिनीवर पडला. मग कुठं महिपतीसमोरचा दिवा लागला.

“वा! बहिरा गडी अन् झोपाळू दिवा,” दोन्ही गाड्यांचे मालक दादासाहेब बांधावरून म्हणाले. “निकिता, आज जमलं तर ठीक. न्हाय तर उद्यापास्नं ट्रॅक्टरवर दुसरा माणूस बघतो.”

सणसरच्या फडात सगळे हसले. महिपतीही हसला, काय बोलले ते न कळता.

तरुणपणापासून ट्रॅक्टर चालवून त्याचे कान गेले. म्हणून माझ्या नातीनं, निकितानं, दोन्ही गाड्यांवर बिनतारी डबे बसवले होते. हार्वेस्टर थांबला की त्याच क्षणी इकडं ट्रॅक्टरवर दिवा लागायला हवा.

“डबा बिघडला का गं?” मी विचारलं.

“न्हाय आज्जी. दोन्ही डबे एकमेकांशी आळीपाळीनं बोलतात. उन्हानं त्यांची घड्याळं मागंपुढं झाली. दोघं एकदमच बोलायला लागले की कुणाचं कुणाला पोचत न्हाय.”

मला आमचं कांडण आठवलं. एका उखळात आईचं आणि माझं अशी दोन मुसळं. तिचं वर गेलं की माझं खाली. ताल चुकला की मुसळावर मुसळ आदळून हाताला झिणझिण्या यायच्या. ओट्यावर बसलेला महिपती नुसत्या आवाजावरून सांगायचा, “आता आक्काचं मुसळ.” असे कान होते त्याचे.

निकितानं लॅपटॉपवर बराच वेळ खटपट केली. “आता ट्रॅक्टरचा डबा हार्वेस्टरच्या घड्याळाकडं कान लावून बसंल. चुकला की लगीच जुळवून घेईल.”

पुन्हा दोन्ही गाड्या निघाल्या. मध्येच ऋतिकनं हार्वेस्टर थांबवला. दिवा लागला. ट्रॉली जागच्या जागी उभी राहिली. ऋतिकनं पुढं मुद्दाम दोनदा फसवून पाहिलं, पण एक कांडी खाली पडली नाही. महिपतीनं त्याला अंगठा दाखवला.

दादासाहेब बांधावरून उतरले. ट्रॅक्टरच्या पायरीवर चढून त्यांनी महिपतीच्या खांद्यावर हात ठेवला आणि तोंडासमोर तोंड नेऊन ओरडले, “महिपतराव, उद्या पणदऱ्याला फड हाय! लवकर या!”

“वरडताय कशाला? कळलं की,” महिपती म्हणाला.

त्यानं चावी फिरवली. इंजिन सुरू झालं की नाही ते स्टिअरिंगवर तळवा टेकवून पाहिलं, आणि गिअर टाकला.