वाकून यायचं दार

स्टार्लिंग नव्या दारातून सरळ आत शिरला, आणि आयडेला स्क्रूड्रायव्हर हातात धरून बघतच राहिली. खांबावर पाकोळ्यांसाठी टांगलेल्या सगळ्या तुंब्यांची, त्या पोकळ वाळक्या भोपळ्यांची, गोल दारं तिने सकाळीच काढून टाकली होती. त्या जागी ॲल्युमिनियमच्या पत्र्यात कापलेली, पालथ्या बशीसारखी बुटकी दारं बसवली होती. साळुंकीच्या कुळातल्या या ठिपकेदार दांडगटाला मज्जाव करायचा, एवढ्यासाठीच तो सगळा खटाटोप होता.

"पत्रपेट्या टांगल्यास की काय गं?" कुंपणापलीकडून शेजारच्या वेंडलने विचारलं. "बघ, पहिलं पत्र आलंसुद्धा."

"तुमच्याच नावाचं असेल, वेंडलकाका. वाचून दाखवते थांबा."

ओसरीवर तिचे वडील, हॉइट, बसले होते. बंदूक खुर्चीला टेकवलेली. अलाबामातल्या जांभळ्या पाकोळ्या माणसाने टांगलेल्या तुंब्यांतच घर करतात. झाडाच्या ढोलीत राहायचं त्या कधीच विसरून गेल्या. हॉइटच्या आजोबांपासून या अंगणात त्यांचा राबता होता. गेल्या उन्हाळ्यात स्टार्लिंगांनी अंडी फोडली, पिल्लं मारली, आणि या वसंतात एकच जोडी परतली. तीही निघून गेली, तर खांबावर नुसते वाळके भोपळे उरणार होते.

"गोल दारं परत लाव," हॉइट म्हणाले. "मी आहे ना राखण करायला."

"डॅडी, गेल्या महिन्यात स्टार्लिंग म्हणून तुम्ही कुणावर बार काढलात?"

"कोंबडी काळी होती."

"आणि जमिनीवर चालत होती."

यावर हॉइटनी टोपी डोळ्यांवर ओढून घेतली.

आयडेला नदीकाठच्या कारखान्यात होड्यांचे पत्रे कापायची. दाराची उंची चुकली असेल, असं तिला क्षणभरही वाटलं नाही. दार बरोबर होतं, तर चूक दाराच्या बाहेर असणार. ती गवतात बसून बघत राहिली. स्टार्लिंग बाहेर आला, चोचीत काडी घेऊन परतला आणि दारापुढच्या छोट्या ओट्यावर उभा राहिला. ओटा दाराच्या खालच्या कडेपेक्षा बोटभर खाली होता. तिथे पाय रोवल्यावर त्याची भरदार छाती नेमकी दारासमोर येत होती. मग नुसता एक रेटा पुरे.

"मीच त्याला पायरी बांधून दिली," ती म्हणाली.

"काय?"

"पाकोळीचे पाय आखूड, डॅडी. ती पोटावर सरपटत जाते. याला उभ्याने जायची सवय. ओटा वर घेते. मग येऊ दे त्याला दंडवत घालत."

तिने दोरी सैल करून तुंबे खाली उतरवले, स्टार्लिंगची काटक्याकुटक्यांची गादी उपसून टाकली आणि प्रत्येक ओटा दाराच्या कडेशी अगदी समतल बसवला. तुंबे वर चढतात न चढतात तोच तो हजर झाला. डोकं आत गेलं, खांदे अडले. पंख फडफडवून त्याने मागे अंग काढलं, दुसरं दार पाहिलं, तिसरं पाहिलं, आणि तावातावाने किटकिटत वेंडलच्या छपरावर जाऊन बसला.

"काका, पत्र तुमच्याकडे पाठवलंय."

पण खरी परीक्षा पुढेच होती. ऊन कलल्यावर जोडी परतली. नर दारापुढे घिरट्या घालून तारेवर जाऊन बसला. मादी ओट्यावर उतरली, तिने दारात डोकं घातलं आणि झटकन उडाली. पुन्हा आली, पुन्हा उडाली.

"गोल दार ओळखीचं होतं त्यांच्या," हॉइट हळूच म्हणाले. "जातील, आयडेला."

"आत त्यांचं अर्धं घरटं आहे. दाराला भिऊन कुणी घर सोडत नाही."

स्क्रूड्रायव्हर मात्र तिने खाली ठेवला नाही.

मादी तिसऱ्यांदा आली ती चोचीत हिरवं पान घेऊन. अंडी घालायची वेळ जवळ आली की पाकोळ्या घरट्यात ताजी पानं अंथरतात, हे हॉइटना वेगळं सांगायची गरज नव्हती. ते खुर्चीतून अर्धवट उठले. मादीने पोट ओट्याला टेकलं, मान खाली घातली, आणि पानासकट आत नाहीशी झाली.

वेंडलने खाकरून विचारलं, "त्या ओट्याचं माप काय ठेवलंस गं? मीही एखादा तुंबा टांगीन म्हणतो."

"पत्र लिहून विचार," हॉइट म्हणाले, आणि बंदूक उचलून आत ठेवायला गेले.